दोष साच्यात आहे

1 ऑगस्ट 2024. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये पन्नास मीटरवरच्या निशाण्यावर आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून आणि शेवटी उभं राहून 451.4 गुण मिळवले आणि ऑलिंपिकचं ब्राँझ पदक गळ्यात घातलं. त्याच संध्याकाळी मी माळ्यावरून छर्र्यांची बंदूक खाली काढली.

"ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय?" घरातनं प्रश्न आला.

"संबंध मातीचा आहे," मी छाती काढून म्हणालो. "कोल्हापूरची माती."

"माती सगळ्या तालमीला सारखीच असते. कुस्ती मारणारा वेगळा असतो."

पण आमच्या गावाचं हे असंच आहे. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडमध्ये सोनं आणलं, आणि दर पदकामागं गावातल्या निम्म्या लोकांना वाटायला लागलं की आपणही नेमबाजच होतो, फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही. उरलेल्या निम्म्यांना आपण प्रशिक्षक होतो असं वाटतं. मी पहिल्या निम्म्यांतला. दुसऱ्या निम्म्यांतले आमचे मेस्त्री. त्यांच्याबद्दल पुढं येईलच. तसंही ते न बोलावता येतात.

बंदूक सासऱ्यांची. पेरूच्या बागेतले पोपट नुसत्या आवाजानं हाकलायला त्यांनी ती घेतली होती. महिन्याभरात पोपटांना आवाजाची सवय झाली आणि दुसऱ्या महिन्यात ते बंदुकीच्या नळीवर बसून पेरू खायला लागले. तेव्हा सासऱ्यांनी ती जावयाला दिली. मी बँकेत चिकटलेला माणूस, चेकवरची सही सोडून आयुष्यात कशावर नेम धरलेला नाही. त्यामुळं पस्तीस वर्षं ती माळ्यावर, तांब्याच्या घंगाळाशेजारी, सुखानं झोपली होती.

मी मागच्या परड्यात वाळूची पोती रचली आणि बरोबर दहा मीटरवर कार्ड लावलं. दहा मीटर एअर रायफलचं हे कार्ड ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचा सगळा पसारा मिळून साडेपंचेचाळीस मिलिमीटरचा, म्हणजे बऱ्यापैकी पेढ्याएवढा. आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे त्या पेढ्यावरच्या वेलदोड्याच्या एका कणाएवढा. ह्या ठिपक्याला आमच्या गावच्या पोरी उठता-बसता शिवतात.

मी दहा बार काढले. दोन वाळूच्या पोत्यात गेले. एक कर्दळीच्या कुंडीत. एक परड्याच्या नळावर आपटून 'टिंग' असा आवाज करून गेला. बाकीचे सहा कुठं गेले ते आजवर कळलेलं नाही. कार्ड मात्र दुकानातून आणलं तसंच्या तसं कोरं होतं. ते जपून ठेवलं तर परत करता आलं असतं.

माणूस नेम चुकला की पहिल्यांदा वाऱ्याकडं बघतो. मीही बघितलं. परड्याला तिन्ही बाजूंनी भिंती, वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलत नव्हता. मग मी बंदुकीकडं बघितलं. मग चष्मा काढून पुसला. मग छर्र्यांच्या डबीकडं बघितलं. स्वतःकडं बघायची वेळ यायच्या आत मेस्त्री आले.

मेस्त्री म्हणजे शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं ओतकाम केलेला माणूस. फौंड्री आता पोरं बघतात आणि मेस्त्री हातांना काम शोधत गल्लीभर फिरतात. कुणाच्या गेटची कडी कुरकुरली की पान्हा घेऊन हजर. त्यांनी डबीतला एक छर्रा चिमटीत धरला, नखानं टोकरला, उन्हात फिरवला आणि निकाल दिला.

"साहेब, नेम तुमचा झ्याक हाय. छर्रा बोगस हाय."

मी त्यांना चहा सांगितला. असं निदान करणाऱ्या माणसाला नुसता चहा दिला ह्याची नंतर मला लाज वाटली. जेवायलाच बसवायला पाहिजे होतं.

"मग आता?"

"आता काय? आपण वतायचं! अवो, ह्या गावात आईल इंजिनं वतली. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा क्यामेरा हितंच हातानं केला. आन् तुमी ज्वारीच्या दाण्याएवढा छर्रा इकत आणताय व्हय?"

'कोल्हापुरात काय होत नाही?' हा प्रश्न एकदा छातीवर ठेवला की माणूस उठूच शकत नाही. मी तिथंच कामास आलो.

छर्रा दिसतो साधा, पण अंगानं लावणीतल्या नर्तकीसारखा असतो. डोकं चपटं, कंबर बारीक आणि खाली घेरदार परकर. परकर आतून पोकळ. बार सुटला की मागून आलेली हवा त्या परकरात भरते, तो फुलतो आणि नळीच्या आतल्या पिळाच्या चरींना घट्ट धरतो. चरी त्याला गिरकी देतात आणि गिरकीमुळं तो सरळ जातो. एवढं सगळं साडेचार मिलिमीटरमध्ये आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. हे मी वाचून मेस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "किरकोळ काम हाय."

कोल्हापुरात एखादं काम 'किरकोळ' ठरलं की ते किमान चार महिने चालतं.

पहिला साचा मेस्त्रींनी अॅल्युमिनियमच्या दोन ठोकळ्यांतून कापला. चिमट्यासारखा उघडणारा, आत दोन छर्र्यांची घरं. परकराची पोकळी त्यांनी सोडून दिली. "पोकळ कशाला? भरीव माल द्यायचा. आपल्यात फसवाफसवी न्हाई." भट्टी परड्यातच मांडली. शिसं 327 अंशाला वितळतं. शिशाची वाफ चांगली नव्हे म्हणून उघड्यावर आणि वाऱ्याकडं पाठ करून बसलो. भांडं म्हणून मी स्वयंपाकघरातली एक छोटी कढई गुपचूप आणली. शिशाला एकदा लागलेलं भांडं पुन्हा कधी अन्नाला वापरायचं नसतं हे मला माहीत होतं. ती कढई माहेरची आहे हे माहीत नव्हतं. ह्या कढईचा विषय आमच्या घरात अजून थंड झालेला नाही. शिसं लगेच थंड होतं.

पहिला घाणा निघाला तो सगळा सुरकुतलेला. साचा गार असला की असं होतं म्हणे. जन्मतःच म्हातारे झालेले ते छर्रे बघून मला कसंतरीच झालं. मग साचा तापवला तर दोन ठोकळ्यांच्या फटीतून शिसं बाहेर आलं आणि छर्र्यांना पंख फुटले. मग फट आवळली तर आत कोंडलेल्या हवेला जागा राहिली नाही आणि छर्रे अर्धवट भरले. मग हवा जायला मेस्त्रींनी आत बारीक चरे ओढले. मग शिसं चिकटायला लागलं म्हणून समईची काजळी धरली. मी प्रत्येक बदलाची वहीत नोंद ठेवत होतो: 'सुधारणा क्रमांक 1', 'सुधारणा क्रमांक 2'. सतराव्या सुधारणेनंतर मूळ साच्यातलं फक्त मेस्त्रींचं नाव उरलं होतं. ते त्यांनी कोपऱ्यात पंचानं ठोकलं होतं.

एवढं करून छर्रा निघाला देखणा. मी बंदूक मोडून नळीत घातला आणि बंदूक मिटून नळी खाली केली. छर्रा पुढच्या तोंडातून टपकन पायावर पडला.

"शिसं आवळतं," मेस्त्री शांतपणे म्हणाले. "थंड हुताना अंग चोरतं. आमच्या सूनबाईंचे भाऊ घरी आल्यावर चोरत्यात तसं."

मग साचा रीमरनं मोठा केला. आता छर्रा नळीत शिरेना. अंगठ्यानं दाबला, पेन्सिलीनं दाबला, शेवटी मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ लावून दाबला. तो आत गेला आणि तिथंच राहिला. ना पुढं ना मागं. छत्रीची काडी घालून तो काढला. छत्री पावसाळ्यातली होती, महिना ऑगस्टचा होता आणि पाऊस कोल्हापूरचा होता. पुढचे आठ दिवस मी मंडईत डोक्यावर पोतं घेऊन गेलो.

ह्याच दिवसांत माझ्या वाचनात आलं की 1782 साली ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स नावाच्या नळकाम करणाऱ्या माणसानं एक पेटंट घेतलं होतं. चाळणीतून वितळलेलं शिसं उंचावरून खाली सोडायचं. पडता पडता थेंब आपोआप गोल होतात आणि खाली पाण्यात पडून घट्ट होतात. त्यासाठी त्या गृहस्थानं स्वतःच्या राहत्या घरावर मनोरा चढवला. मी हे चहा पिताना सहज बोललो. मेस्त्री काही बोलले नाहीत. फक्त बशी खाली ठेवली आणि आमच्या घराच्या गच्चीकडं बघत राहिले. मग खालच्या फरशीकडं. मग परत गच्चीकडं.

"माझ्या घराला हात लावायचा नाही!" आतून आवाज आला. भिंतीपलीकडून नुसत्या शांततेवरून विचार ओळखायची ही विद्या कुठल्या रेंजवर शिकवतात कोण जाणे.

मग प्रश्न आला शिशाचा. मासेमारीच्या जाळ्याला लावायची वजनं संपली. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या असं मेस्त्रींच्या मनात आलं, पण बॅटरीवाल्यानंच हात जोडले. "मामा, त्यात अॅसिड असतंय, इष असतंय. आमी तोंड बांधून लांबनं बघतोय, आन् तुमी परड्यात फोडताय व्हय?" तेवढ्यात मला आठवलं की एका ओळखीच्या माणसाचा बंद पडलेला छापखाना आहे. अक्षरजुळणीचे खिळे पोत्यात पडून आहेत. तो किलोवर द्यायला तयार झाला.

छपाईच्या खिळ्यांत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असतं. त्यामुळं अक्षर कोरीव निघतं आणि धातू टणक होतो. मेस्त्रींना ही मिश्रणाची गोष्ट इतकी आवडली की त्यांनी पोतं डोक्यावर घेतलं. मी मात्र पोत्यात हात घातला आणि गप्प झालो. एका 'ळ' ला मी ओळखलं. खालची गाठ उडालेली होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ह्याच छापखान्यात माझी पहिली कथा जुळली होती आणि नायिकेच्या 'डोळ्यां'तला 'ळ' असाच अर्धवट उमटला होता.

"काय झालं?"

"काही नाही. ह्याच अक्षरांनी माझी पहिली कथा छापली होती."

"मग?"

"तेव्हाही ती कुणाला लागली नव्हती."

'ळ' कढईत गेला. मागोमाग काने गेले, वेलांट्या गेल्या, सोळा पॉइंटातलं 'शुभविवाह' गेलं, 'दुःखद निधन' गेलं. सगळं मिळून एक चकचकीत तळं झालं. मराठी साहित्याची एवढी एकजूट मी कुठल्याही संमेलनात बघितली नव्हती.

चाचणीसाठी मी माझेच लेख असलेले जुने अंक भिजवून, गठ्ठा बांधून कार्डामागं ठेवले. अक्षरांनी अक्षरांवर हल्ला करायचा हा प्रसंग खरं तर ऐतिहासिक होता. मी बार काढला. बंदुकीतून 'फुस्स' असा, सायकलची हवा जावी तसा आवाज झाला. छर्रा गठ्ठ्यापर्यंत पोचला, पहिल्या पानावर थोडा विसावला आणि खाली पडला. माझ्या लेखात शिरायची इच्छा कुणालाच होत नाही ह्याचा मला धातूकडूनही दाखला मिळाला. कारण नंतर कळलं. हवेच्या बंदुकीला मऊ शिसं लागतं. टणक धातूचा परकर फुलत नाही, चरींना धरत नाही, आणि हवा बाजूनं पळून जाते. शिवाय आमच्या छर्र्याला परकर असा नव्हताच.

'सुधारणा क्रमांक 18': पोकळीसाठी मध्ये खिळीचा गाभा बसवणं. मेस्त्रींनी तो बसवला. फक्त तो मधोमध नव्हता. किती सरकला होता? "आर्ध सूतबी न्हाई." पण अर्धं सूत म्हणजे मिलिमीटरच्या वर झालं आणि अख्खा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे परकर एका बाजूला नऊवारी आणि दुसऱ्या बाजूला हातरुमाल. असा छर्रा हवेत गेला की गिरकीबरोबर डुलतो. बिंदू चौकावर नेम धरावा आणि मिरजकर तिकटीमार्गे रंकाळ्यावर जाऊन भेळ खावी, अशी त्याची चाल.

माल एकसारखा आहे का हे बघायला मी वीस छर्रे रुमालात बांधून गुजरीत ओळखीच्या सराफाकडं गेलो. त्यांनी ते मिलिग्रॅमच्या काट्यावर एकेक करून मोठ्या आदबीनं तोलले. एक 480, एक 710, एक 660. एक चक्क 900.

"हुपरीचा माल दिसत नाही," ते म्हणाले.

"घरचा आहे."

"घडणावळ किती पडली?"

मी उत्तर दिलं नाही. हिशेब वहीत होता आणि वही मी मुद्दाम घरी ठेवली होती.

मधेच एक भानगड झाली. गंगावेशीहून केएमटीनं येताना मी मेस्त्रींशी फोनवर बोलत होतो. बसमध्ये गर्दी होती आणि मेस्त्रींना कमी ऐकू येतं. चाळीस वर्षं फौंड्रीत काढल्याचा हा प्रसाद. त्यामुळं मी ओरडून सांगत होतो: "आज चाळीस गोळ्या ओतल्या! वीस वाकड्या निघाल्या! साचा परत कापायला पाहिजे! शिसं संपलंय, माणूस गाठतोय! उद्या परड्यात उडवून बघू!"

माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि पुढच्याच थांब्यावर उतरल्या. तो त्यांचा थांबा नसावा, कारण तिथं थांबा असा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक हवालदार.

"काय पावणं, गोळ्या बनवताय म्हणं?"

मी गुळणी धरली. मेस्त्रींनी मात्र पाटावर मांडलेले छर्रे कौतुकानं पुढं केले. हवालदारांनी बंदूक बघितली, नळी बघितली, मग कायदा सांगितला. नळी साडेचार मिलिमीटरची आणि ताकद 20 ज्यूलच्या आतली असेल तर ह्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. "पन काडतुसाची गोळी वतायचा नुसता इचार जरी डोक्यात आला, तर 1959 चा शस्त्र कायदा हाय आन् मी हाय. काय?"

"नाही नाही, नुसते छर्रे," मी म्हणालो.

"मग ठीक हाय." ते निघाले. दारात थांबले. हातातला छर्रा उन्हात धरला. "ब्लोहोल हाय की ह्यात."

मेस्त्रींचा चेहरा पडला. "तुमास्नी कसं कळलं?"

"सासरवाडी शिरोलीची हाय. मेव्हण्याची फौंड्री हाय. साचा जरा तिरका धरून वता, हवा वरनं निघून जाईल."

ते गेल्यावर मेस्त्री बराच वेळ खिन्न होते. अटक परवडली असती, सल्ला नको होता. पण तिरका धरून ओतलं आणि ब्लोहोल गेला. वहीत मी 'सुधारणा क्रमांक 22' पुढं 'पोलीस खातं' असं लिहिलं.

आता वाळूची पोती पावसानं भिजून फाटायला लागली होती म्हणून मी त्यांच्यावर एक जुना फ्लेक्स घातला. गल्लीतल्या 'भावी नगरसेवका'च्या वाढदिवसाचा. फ्लेक्सवर त्यांचा हात जोडलेला फोटो, मागं उगवता सूर्य, भोवती शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. कार्ड मी त्यांच्या पोटाच्या खाली, कुणालाच लागणार नाही अशा जागी लावलं. पाच दिवस चाचणी चालली. सहाव्या दिवशी भावी नगरसेवक स्वतः परड्याच्या फाटकातून आत आले. मतदारयादीचं काहीतरी काम होतं. त्यांची नजर फ्लेक्सवर गेली. कपाळावर एक भोक, डाव्या डोळ्यात एक, उगवत्या सूर्यात तीन, आणि शुभेच्छुकांची तर चाळण.

"हे काय काका?"

"उंदीर," मी म्हणालो.

"छर्रं हायत," मेस्त्री त्याच वेळी म्हणाले.

भावी नगरसेवक जवळ गेले. त्यांनी बोट लावून भोकं मोजली. मग खालचं कार्ड बघितलं. कार्ड कोरं.

"म्हणजे नेम कार्डावर होता?"

"शपथेवर."

"आणि लागला मला?"

"हो."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग काय हरकत नाही. माझ्या मतदारांचं नेमकं उलटं होतं. नेम माझ्यावर धरतात आणि शिक्का भलत्याच चिन्हावर बसतो."

महिनाअखेर मी हिशेब मांडला. अॅल्युमिनियम, रीमर, खिळ्यांचं पोतं, समईचं तेल, नवी छत्री, नवी कढई, माहेरी पाठवलेली दुसरी नवी कढई, आणि मेस्त्रींचा चहा. सगळे मिळून 11,328 रुपये. वापरण्याजोगे छर्रे निघाले 64. मी भागाकार केला. एका छर्र्याला 177 रुपये पडले. मी डोक्याला हात लावला. मेस्त्री मात्र हरखून गेले.

"किती म्हनलासा? एकशेसत्त्याहत्तर? आन् बंदुकीचं बोर किती? पॉइंट एकशेसत्त्याहत्तर इंच! बघा, योग कसा जुळून आला! साहेब, बराबर वाटंवर हाय आपण!"

त्याच रविवारी माझी पुतणी घरी आली. ती कॉलेजात आहे आणि दोन वर्षं रायफल शिकते. मी तिला काही सांगितलं नव्हतं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. परड्यात मांडलेली भट्टी, साचा, गुजरीतलं वजनाचं कोष्टक, बावीस सुधारणांची वही, सगळं तिनं बारकाईनं बघितलं. मग विचारलं, "काका, छर्रे ओतताय तुम्ही?"

"हो!" आम्ही दोघं एकसुरात.

"पण छर्रे ओतत नाहीत. कारखान्यात शिशाची तार कापतात आणि साच्यात दाबून घडवतात."

मेस्त्री मटकन पोत्यावर बसले. "म्हंजे प्रेसचं काम? फौंड्रीचं न्हवंच?" चाळीस वर्षांच्या ओतकामाचा असा अपमान त्यांनी कधी सोसला नव्हता. पण आमच्या मेस्त्रींचं दुःख ताज्या कास्टिंगसारखं असतं, वरनं लगेच काळं पडतं आणि आतून तांबडं राहतं. दोनच मिनिटांत ते म्हणाले, "माझ्या पावण्याकडं पन्नास टनाचं प्रेस हाय."

"अर्धा ग्रॅम दाबायला पन्नास टन?"

"चुकून कमी पडाय नगो."

पुतणीनं तेवढ्यात बंदूक उचलली. आमचेच पाच छर्रे घेतले. उभी राहिली, दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे, कोपर बरगडीला टेकवलेलं. मग बराच वेळ काहीच केलं नाही. मला वाटलं विसरली. मग बार काढला. परत काहीच केलं नाही. परत बार. असे पाच. आम्ही कार्डाकडं गेलो. ते कार्ड महिनाभर तिथं कोरं लटकत होतं. त्याला आता पाच भोकं होती. चार एका दहाच्या नाण्याखाली झाकली गेली असती. पाचवं जरा बाजूला. ते बहुतेक नऊवारी-हातरुमालवालं.

मग तिनं पिशवीतून दुकानातली डबी काढली आणि त्यातले पाच मारले. ते सगळे एका रुपयाखाली बसले असते.

"म्हणजे छर्र्यांत फरक आहेच!" मी आनंदानं ओरडलो.

"आहे ना काका. एवढा." तिनं चिमूट दाखवली. मग ती अवघडून हसली आणि दोन्ही हात, परड्याच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मावतील तेवढे, लांब पसरले. "आणि तुम्ही बार काढताना डोळे मिटता."

परड्यात शांतता पसरली. खिडकीतून घरातनं कुणीतरी हसल्याचा आवाज आला, पण मी तिकडं बघितलं नाही. पुतणी चहा घ्यायला आत गेली. मेस्त्री आणि मी पोत्यावर बसून राहिलो, मधे तो साचा. बावीस सुधारणा झालेला, पोलिसांचा हात लागलेला, ब्लोहोलमुक्त. सुधारायचं काय राहिलं होतं ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. ते कुणी बोलायचं एवढाच प्रश्न होता.

मेस्त्रींनी बंदूक मांडीवर घेतली. दस्त्यावरून हात फिरवला. वीतभर मोजला. माझा हात ओढून परत मोजला. पुतणी उभी होती त्या जागेकडं बघितलं. आणि त्यांचे डोळे चमकले.

"साहेब, दोष घावला!"

"कुठला?"

"पोरीचा हात केवढा, तुमचा केवढा! दस्ता तिच्या मापाचा हाय. तुमच्या खांद्याला दोन इंच आखूड पडतोय. म्हणून दणका बसतोय, म्हणून डोळं मिटत्यात! तुमचा काय दोष?"

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. असा मित्र मिळायला मागच्या जन्मी काहीतरी पुण्य केलेलं असावं लागतं.

"मग आता?"

"सागवान हाय माझ्याकडं. जुन्या दाराचं. किरकोळ काम हाय."

मी आत जाऊन नवी वही आणली.